मधल्या फळीतला माणूस

22 मे 1996 च्या रात्री रोममध्ये युव्हेंटसने आयाक्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. पुढच्याच वर्षी, 28 मे 1997 ला, म्युनिकमध्ये बोरुसिया डॉर्टमुंडने त्याच युव्हेंटसला 3-1 असं हरवून तोच करंडक उचलला. दोन्ही रात्री जिंकणाऱ्या संघाकडून मैदानात उतरलेला खेळाडू एकच होता. पोर्तुगालच्या विझेउ शहरात जन्मलेला पाउलो सोझा. लागोपाठ दोन वर्षं, दोन वेगवेगळ्या क्लबांकडून युरोपचं सर्वोच्च जेतेपद. त्याच्याआधी हे फक्त मार्सेल देसाईला साधलं होतं, मार्सेय आणि मग मिलानकडून.

युरोपियन फुटबॉलवर रात्र रात्र गप्पा मारणाऱ्या मित्रांना मी या दोन सामन्यांबद्दल विचारतो तेव्हा त्यांना रोममध्ये चषक उंचावणारा युव्हेंटसचा कर्णधार व्हिआली आठवतो. म्युनिकमधला लार्स रिकेनचा गोल तर सगळ्यांनाच आठवतो, बदली खेळाडू म्हणून आत आल्या आल्या पहिल्याच स्पर्शात गोलरक्षकाच्या डोक्यावरून टाकलेला. झिदान आणि डेल पिएरोही आठवतात. सोझाचं नाव काढलं की समोरचा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "हां, तो मधे खेळायचा ना?"

हो, तो मधे खेळायचा. आणि मधे खेळणं म्हणजे काय, यावर मला थोडं सविस्तर बोलायचं आहे.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा, पेठांचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की शहरातली निम्मी कामं आपोआप पुढं ढकलली जातात. कॉलेजच्या वयात मीही आमच्या पेठेतल्या पोरांच्या संघात बचाव फळीच्या जरा पुढं उभा राहायचो. ती जागा कुणी मागून घेत नसे, सगळ्यांना पुढं गोल मारायला जायचं असायचं. त्या जागेवर उभं राहिल्यावर कळतं की मैदानातली सगळ्यात जास्त वर्दळ तिथंच असते. चेंडू पाठीमागून येतो, माणूसही पाठीमागून येतो. चेंडू पायात यायच्या आधी मान वळवून बघून घ्यावं लागतं, नाहीतर वळायच्या आत तो गेलेला असतो. बाजूचा बचावपटू पुढं धावला की त्याची मोकळी जागा भरायला जायचं. तो परत आला की पुन्हा आपल्या जागी यायचं. प्रेक्षकांतून कुणी तुमचं नाव घेऊन ओरडत नाही. तुम्ही चुकलात की मात्र सगळं स्टेडियम नाव घेतं.

सोझा हे काम युरोपातल्या सर्वांत कठीण लीगमध्ये करत होता, आणि तेही न घसरता, न आदळता. या जागेवरचे बरेच खेळाडू टॅकलवर जगतात. जमिनीवर झोकून देऊन चेंडू काढणं दिसतं छान, टाळ्याही मिळतात. सोझाला त्याची गरज कमी पडायची. चेंडू कुठं जाणार हे त्याला आधी कळायचं आणि तो तिथं आधीच पोचलेला असायचा. ताठ पाठ, वर डोकं, एका-दोन स्पर्शांत पास. जुनी चित्रणं पाहताना मला त्याचा वेग कधी जाणवत नाही. जाणवतो तो त्याच्याकडे असलेला वेळ. सगळ्यांची दमछाक चाललेली असताना या माणसाकडे मात्र विचार करायला अर्धा सेकंद जास्त असतो.

आधी निघणं हाच त्याचा गुण. त्याचं पुढचं आयुष्य वाचताना मला सारखं हेच दिसत राहतं. मैदानावर ज्या सवयीने त्याला मोठं केलं, त्याच सवयीने मैदानाबाहेर त्याला एका जागी टिकू दिलं नाही. काही वेळा तो आपणहून आधी निघाला, काही वेळा त्याला वेळेआधी काढलं गेलं.

सुरुवात फार सुंदर झाली. 1989 मध्ये रियाधला झालेली वीस वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा पोर्तुगालने जिंकली. प्रशिक्षक कार्लोस केइरोश, अंतिम सामन्यात नायजेरियावर 2-0 अशी मात. त्या संघात सोझा होता, झ्वांव पिंतो होता, फर्नांदो कौतो होता. दोन वर्षांनी लिस्बनमध्ये फिगो आणि रुई कोस्टाच्या संघाने हे जेतेपद राखलं आणि या सगळ्यांना मिळून पोर्तुगालची सोनेरी पिढी म्हणायला सुरुवात झाली. सोझा तोवर लिस्बनच्या बेन्फिका क्लबच्या मुख्य संघात स्थिरावत होता. 1991 ला लीग जिंकली, 1993 ला बोआव्हिश्ताला 5-2 ने हरवून पोर्तुगीज चषक जिंकला. लिस्बनमधल्या लाल शर्टवाल्यांचं प्रेम, घरचं मैदान, वय 22. इथंच दहा वर्षं काढली असती तरी कुणी नावं ठेवली नसती.

पण 1993 चा उन्हाळा आला. पोर्तुगालमध्ये त्याला आजही 'तापलेला उन्हाळा' म्हणतात. बेन्फिका पैशांच्या अडचणीत होता, खेळाडूंचे पगार थकले होते. सोझा आणि पाशेकू यांनी करार मोडला आणि ते गेले थेट स्पोर्टिंगकडे, त्याच शहरातल्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैऱ्याकडे. दोन्ही क्लबांची मैदानं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. हे काय आहे हे कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. एका तालमीचा पोरगा समोरच्या तालमीच्या शर्टात दिसला की त्याच्या घरच्यांनाही गल्लीतून जाताना मान खाली घालावी लागते. लिस्बनमध्ये हे शंभर पटींनी झालं. झ्वांव पिंतोलाही स्पोर्टिंगने जवळजवळ नेलंच होतं, बेन्फिकाने त्याला कसाबसा परत वळवला.

त्या हंगामाचा शेवट एखाद्याने रचून लिहिला असता तर खोटा वाटला असता. स्पोर्टिंगने सुरुवात बॉबी रॉबसनच्या हाताखाली केली. त्यांचा दुभाषा होता पुढं जगप्रसिद्ध प्रशिक्षक झालेला, पण तेव्हा कुणालाही माहीत नसलेला जोझे मोरिन्यो. डिसेंबरमध्ये रॉबसनना काढलं आणि रियाधचे केइरोश आले. 14 मे 1994 ला बेन्फिका स्पोर्टिंगच्या घरी आला आणि 6-3 ने जिंकून गेला. झ्वांव पिंतोने, म्हणजे जो राहिला त्याने, तीन गोल केले. लीग बेन्फिकाने जिंकली.

सोझाला गद्दार म्हणणारे लिस्बनमध्ये अजूनही आहेत. मला तसं म्हणवत नाही. ज्याने काम केलं आणि ज्याचा पगार मिळाला नाही, त्याला निष्ठेचे धडे देण्याचा हक्क मैदानाबाहेर बसलेल्यांना नसतो. समर्थकाचं प्रेम खरं असतं, पण त्या प्रेमातून खेळाडूच्या घरचं भाडं जात नाही. झ्वांव पिंतो थांबला ते मोठंच, पण थांबायला जितकी हिंमत लागते तितकीच जायलाही लागते.

1994 ला तो इटलीत ट्युरिनला, युव्हेंटसकडे गेला. युव्हेंटसने 1986 नंतर लीग जिंकली नव्हती. प्रशिक्षक मार्चेल्लो लिप्पी नवे आले होते. पुढं व्हिआली, रावानेल्ली, बाजिओ, आणि बाजिओची जागा हळूहळू घेणारा विशीतला डेल पिएरो. एवढी आघाडी पुढं सोडायची तर मागं कुणीतरी दार राखायला हवं. ते काम सोझाने पहिल्याच हंगामात असं केलं की युव्हेंटसने लीग आणि इटालियन चषक दोन्ही जिंकले. नव्या देशात, नव्या भाषेत, आणि बचावाच्या बाबतीत जगातल्या सर्वांत काटेकोर लीगमध्ये चोवीस वर्षांच्या परदेशी मुलाने संघाचा ताल हातात घेतला. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वोत्तम हंगाम, युरोपियन करंडकांच्या दोन्ही वर्षांपेक्षाही सरस.

पुढच्या हंगामात गुडघा दुखावला. रोमच्या अंतिम सामन्यात तो सुरुवातीला होता, दुसऱ्या सत्रात त्याच्या जागी दि लिव्हिओ आला. 1-1 च्या बरोबरीनंतर गोलरक्षक पेरुझ्झीने दोन पेनल्टी अडवल्या आणि करंडक युव्हेंटसचा झाला. मग काही आठवड्यांतच क्लबने घर आवरायला घेतलं. व्हिआली चेल्सीला गेला, रावानेल्ली मिडल्सब्रोला, सोझा डॉर्टमुंडला. त्यांच्या बदल्यात झिदान आला, व्हिएरी आला, बोक्सिच आला. युरोप जिंकलेला संघ उन्हाळ्यात मोडायचा, हे धाडस फार थोड्या क्लबांत असतं आणि युव्हेंटस त्यानंतर सलग दोन वर्षं अंतिम फेरीत पोचला, म्हणजे हिशोब चुकीचा नव्हता. पण पंचवीस वर्षांच्या माणसाचा गुडघा हिशोबात घसाऱ्याच्या रकान्यात धरलेला पाहून मला आजही वाईट वाटतं.

डॉर्टमुंडमध्ये त्याच्याआधी युव्हेंटसने सोडलेले बरेच जण जमलेले होते: म्योलर, कोहलर, रॉयटर. ओटमार हित्झफेल्ड प्रशिक्षक. म्युनिकच्या त्या सामन्यात युव्हेंटसचं पारडं जड मानलं जात होतं आणि सुरुवातीला चेंडूही त्यांच्याकडेच जास्त होता. हित्झफेल्डनी मधल्या फळीत सोझाच्या शेजारी पॉल लॅम्बर्टला ठेवलं. हा स्कॉटिश खेळाडू वर्षभरापूर्वी मदरवेलला खेळत होता. त्याच्याकडे झिदानला सावलीसारखं चिकटून राहण्याचं काम होतं आणि त्याबद्दल त्याचं आजवर भरपूर कौतुक झालं आहे, ते रास्तच आहे. पण एक माणूस दुसऱ्याच्या मागे मैदानभर फिरायला लागला की तो जिथून उठला ती जागा रिकामी पडते. ती जागा सोझा धरून होता. म्योलरला पुढं मोकळं खेळता आलं ते यामुळेच. रीडलेने 29 व्या आणि 34 व्या मिनिटाला गोल केले, डेल पिएरोने टाचेने एक फेडला, रिकेनने संपवलं. सोझा पूर्ण 90 मिनिटं मैदानात होता.

या सामन्याचं संपूर्ण चित्रण मिळालं तर एकदा जरूर पाहा, गोलांच्या तुकड्यांवर समाधान मानू नका. चेंडूवरची नजर काढून थोडा वेळ फक्त त्याच्याकडे बघा. पहिली दहा मिनिटं अवघड जाईल, कारण डोळ्यांना चेंडूमागे जायची सवय असते. मग एक नकाशा दिसायला लागतो. डावीकडे हाइनरिख वर गेला की सोझा दोन पावलं डावीकडे. चेंडू गमावला की तो मागं पळत नाही, तिरका सरकतो, पासची वाट बंद करतो आणि समोरच्याला चेंडू उलटा फिरवावा लागतो. फुटबॉल पाहायला शिकवणारे सामने थोडे असतात. मला वाटतं, हा त्यांतला आहे.

त्यानंतर गुडघ्याने त्याला नीट खेळू दिलं नाही. 1998 ला इंटर मिलान, तिथून 2000 मध्ये उसनवारीवर पार्मा, मग ग्रीसमध्ये पॅनाथिनाइकॉस, शेवटी बार्सिलोनातला एस्पॅन्योल. मधे शस्त्रक्रिया, पुन्हा सराव, पुन्हा सूज. 2002 ला एकतिसाव्या वर्षी थांबला. या चार वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही आणि ओढूनताणून लिहावंसंही वाटत नाही. पोर्तुगालसाठी 51 सामने आणि त्यांत एकही गोल नाही. 1996 च्या युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, चेक खेळाडू पोबोर्स्कीच्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून टाकलेल्या त्या अफाट लॉबने उपांत्यपूर्व फेरीत घरी पाठवलं. 2002 च्या विश्वचषकाला तो संघात होता, पण मैदानात उतरला नाही.

एवढी गावं फिरलेला माणूस थकून एका जागी बसेल असं वाटलं असतं. झालं उलटंच. प्रशिक्षक झाल्यावर त्याचा नकाशा आणखी मोठा झाला. लंडनमधला क्वीन्स पार्क रेंजर्स, वेल्समधला स्वान्सी, मग लेस्टर, हंगेरीतला व्हिडिओटन, मकाबी तेल अवीव, स्वित्झर्लंडमधला बासेल, फ्लॉरेन्सचा फिओरेन्तिना, चीनमधला तियानजिन, फ्रान्समधला बोर्दो, पोलंडचा राष्ट्रीय संघ, रिओचा फ्लामेंगो, इटलीतला सालेर्निताना, दुबईचा शबाब अल अहली. लेस्टरला तर हंगाम नीट सुरूही झाला नव्हता, जुलै 2010 मध्ये आला आणि ऑक्टोबरमध्ये गेला. रेंजर्सने त्याला काढलं तेव्हा कारण सांगितलं गेलं की क्लबच्या आतली माहिती त्याने बाहेर बोलून दाखवली. झालं होतं असं की त्याचा एक आघाडीचा खेळाडू त्याला न विचारताच दुसऱ्या क्लबला उसना दिला गेला आणि सोझाने हे लोकांसमोर मान्य केलं.

यश मिळालंच नाही असं मात्र नाही. तेल अवीवला एक हंगाम, लीग जिंकली. बासेलला एक हंगाम, लीग जिंकली आणि चॅम्पियन्स लीगच्या गटात लिव्हरपूलला मागं टाकून बाद फेरी गाठली. लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर बरोबरी हवी होती आणि ती त्यांनी 1-1 अशी मिळवली. ऑक्टोबर 2012 मध्ये त्याच्या व्हिडिओटनने युरोपा लीगमध्ये स्पोर्टिंगला 3-0 ने हरवलं, त्याच स्पोर्टिंगला ज्यासाठी त्याने एके काळी अर्ध्या शहराचे शिव्याशाप घेतले होते. 2015 च्या सप्टेंबरमध्ये फिओरेन्तिनाने इंटरला त्यांच्याच सान सिरो मैदानावर 4-1 ने झोपवलं आणि फ्लॉरेन्सने कित्येक वर्षांनी आपलं नाव इटालियन लीगच्या तक्त्यात सर्वांत वर पाहिलं. आणि हे सगळं एका जुन्या युव्हेंटसवाल्याने केलं, ज्याच्या क्लबचं नाव घेतलं तरी फ्लॉरेन्सच्या माणसाच्या कपाळावर आठी पडते.

पण एक गोष्ट मला त्याच्या बाजूने मांडता येत नाही, ती पोलंडची. जानेवारी 2021 मध्ये त्याने राष्ट्रीय संघ हाती घेतला. युरो स्पर्धेत स्लोव्हाकिया आणि स्वीडनकडून हार, स्पेनशी बरोबरी, गटातच बाहेर. ते खेळात होतं. शरदात वॉर्सामध्ये इंग्लंडला अगदी शेवटच्या क्षणी बरोबरीत रोखलं, लोक त्याच्यावर विश्वास ठेवायला लागले. नोव्हेंबरमध्ये संघाचा सर्वांत मोठा खेळाडू लेवान्डोव्स्की याला विश्रांती देऊन हंगेरीविरुद्ध घरच्या मैदानावर हरले, विश्वचषक पात्रतेच्या प्ले-ऑफमधलं मानांकन गेलं. आणि डिसेंबरमध्ये, मार्चच्या त्या प्ले-ऑफला तीन महिने असताना, तो फ्लामेंगोकडे निघाला. 1993 ला त्याचा पगार थकला होता, 1996 ला त्याला विकलं गेलं होतं. इथं असं काहीच नव्हतं. एका देशाने सोपवलेलं अर्धं काम त्याने मधेच सोडलं. क्लब बदलणं हा पेशा आहे, पण राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक पात्रता फेरीच्या तोंडावर जात नाही. मला तो खेळाडू म्हणून इतका प्रिय आहे की हे लिहिताना त्रास होतो, तरी ते लिहायलाच हवं. पोलंडने नव्या प्रशिक्षकाखाली मार्चमध्ये स्वीडनला 2-0 हरवून विश्वचषक गाठला. फ्लामेंगोने सोझाला जूनमध्ये काढलं.

मैदानावर त्याला जो अर्धा सेकंद जास्त मिळायचा, तो प्रशिक्षकाच्या कामात उपयोगाचा नसतो, असा माझा अंदाज आहे. खेळाडूने धोका दिसताच जागा सोडली तर तो हुशार ठरतो. प्रशिक्षकाला धोका दिसत असतानाही उभं राहावं लागतं, कारण त्याच्या मागं पंचवीस जण आणि एक अख्खं शहर असतं. सोझाची नजर तीच राहिली आणि पायही तसेच आधी निघत राहिले. क्लबांनीही त्याला थांबू दिलं नाही हेही तितकंच खरं. सालेर्नितानाला त्याने 2023 मध्ये पहिल्या श्रेणीत टिकवलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला नारळ मिळाला. आताच्या फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाला चार पराभव म्हणजे फार झाले.

त्याच्या हातात वेळ असला की काय होतं, याचा एक पुरावा आहे. 20 ऑगस्ट 2016, ट्युरिन. लीगचा पहिला दिवस, समोर युव्हेंटस. फिओरेन्तिनाच्या सुरुवातीच्या अकरांत सोझाने अठरा वर्षांच्या फेडेरिको किएसाला घेतलं, ज्याने तोवर पहिल्या श्रेणीत एक मिनिटही खेळलेलं नव्हतं. फ्लॉरेन्समध्ये त्याचं हे दुसरं वर्ष होतं, म्हणून त्याला ते पोरगं ओळखता आलं होतं. तो सामना 2-1 ने गेला, पण पोरगं संघात राहिलं. ज्या युरो स्पर्धेत सोझाचा पोलंड गटातच आटोपला, त्याच स्पर्धेत किएसाने ऑस्ट्रियाविरुद्ध आणि उपांत्य फेरीत स्पेनविरुद्ध गोल करून इटलीला अंतिम फेरीत नेलं, आणि ती त्यांनी जिंकली.

बासेल, तेल अवीव, फ्लॉरेन्स, सगळीकडे त्याचं पहिलं वर्ष चांगलं गेलं आहे. दुबईला जाण्याआधी तिसरं वर्ष त्याला कुठल्याच क्लबात मिळालं नाही. दुबईत त्याने 2025 ला लीग जिंकून दिली. मला मनापासून वाटतं की कुणीतरी त्याला पाच वर्षांसाठी एखादा मध्यम क्लब द्यावा, फार पैसा नसलेला, पोरं तयार करणारा. आणि त्यानेही फ्लामेंगोसारख्या कुणाचा फोन आला तर तो घेऊ नये.